याचिका मागे घेतली, सबब निकाली

संग्रामपूरला आमच्या घरापासून चार घरं सोडून एक काका राहतात. त्यांची केस अजून चालू आहे, म्हणून नाव लिहीत नाही, कारागृहाचंही नाही. बांधावरून भांडण झालं, काठ्या निघाल्या, समोरच्याचं डोकं फुटलं आणि काकांवर खुनाच्या प्रयत्नाचा गुन्हा लागला. चौदा महिने ते कच्चे कैदी म्हणून आत होते. आता जामिनावर आहेत.

काकांना मूत्रपिंडाचा त्रास आधीपासूनचा. आमचा भाग खारपाणपट्ट्यातला. संग्रामपूर, जळगाव जामोद, शेगाव या तालुक्यांत कोणत्याही गावात जा, किडनीचा एखादा पेशंट नाही असं गाव सापडणं कठीण. आत गेल्यावर काकांच्या गोळ्या वेळेवर मिळेनात, पथ्याचं जेवण मिळेना, दवाखान्यात न्यायचं म्हटलं की पोलीस गार्ड नाही हे उत्तर ठरलेलं. विधी सेवेतून मिळालेल्या एका तरुण वकिलानं त्यांच्याकडून उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात याचिका करवली. औषधं द्या, तज्ज्ञ डॉक्टरला दाखवा, एवढीच मागणी. सहा आठवड्यांनी ती याचिका मागे घेतली गेली.

गेल्या दिवाळीत मी पुण्याहून घरी गेलो होतो. काका ओट्यावर येऊन बसले आणि म्हणाले, "बाबू, माह्या त्या अर्जाचं काय झालं पाह्य बरं. तुह्या मोबाइलात दिसते म्हणतात."

मी शोधलं. सापडलं. प्रकरणाची स्थिती: निकाली. कारण: मागे घेतली.

"म्हणजे मी हारलो का जितलो?"

"त्यात हार-जीत नसते काका."

"मंग काय असते?"

मला उत्तर देता आलं नाही. हा लेख त्या उत्तराच्या शोधात लिहिला आहे, आणि ते शोधताना माझं डोकं फिरलं, हे आधीच सांगून टाकतो. शांत, समतोल लेख हवा असेल तर हा तो नाही.

मागे का घेतली, हे मी काकांना विचारलं होतं. "आपणच घेतली वापस," ते म्हणाले. "साहेब काही वाईट नव्हते. म्हणे, काका, कायले लफड्यात पडता, तुमची जमानत व्हायची हाय, उगाच रिपोर्ट खराब जाते. मंग दोन खेपा मुलाकात झाली नाई. तुही काकू शेगाववरून गाडी धरून आली अन् तशीच परत गेली. मंग मीच म्हटलं, आना तो कागद."

एवढंच. कोणी मारलं नाही, शिवी दिली नाही, धमकीसुद्धा दिली नाही. एक सल्ला आणि दोन हुकलेल्या भेटी. आता हे न्यायालयाच्या भाषेत कसं दिसतं ते पाहा: याचिकाकर्त्याच्या वकिलांनी याचिका मागे घेण्याची परवानगी मागितली, परवानगी देण्यात येते, याचिका मागे घेतली म्हणून निकाली. दोन ओळी. त्यात काकू नाही, शेगावची गाडी नाही, गोळ्या नाहीत.

*

मी सॉफ्टवेअरवाला आहे. आमच्याकडे ग्राहकाची तक्रार आली की तिचं एक तिकीट उघडतं. तिकीट बंद करण्याचे दोन-चार प्रकार असतात: दोष दुरुस्त केला, दोष नव्हताच, तक्रारदारानं स्वतः बंद केलं. महिन्याच्या शेवटी साहेबांच्या डॅशबोर्डवर हे सगळे प्रकार एकाच हिरव्या रंगात दिसतात. माझ्या पहिल्या नोकरीत एका टीमची तिकिटं विलक्षण वेगानं बंद व्हायची. पुढे कळलं, की ती मंडळी ग्राहकाला फोन करून सांगत, "तुम्ही तिकीट बंद करा, मग आम्ही बघतो." ग्राहक बंद करायचा. दोष तिथंच राहायचा, आणि आकडा मात्र उत्तम.

आमच्या क्षेत्रात हे उघडकीला आलं तर निदान लाज वाटते, कारण मागे घेतलेली तक्रार म्हणजे सुटलेली तक्रार नव्हे, हे प्रत्येकाला माहीत असतं. न्यायालयांच्या आकडेवारीत मात्र मागे घेतलेलं प्रकरण 'निकाली' याच रकान्यात जातं. प्रलंबित खटल्यांच्या ओझ्याची चर्चा करणारे आपण सगळे त्या रकान्याकडे पाहून समाधान मानतो.

माझं म्हणणं सरळ आहे. कारागृहाच्या वागणुकीविरुद्ध कैद्यानं केलेली याचिका ही इतर याचिकांसारखी नसते, म्हणून ती मागे घेण्याची परवानगीही इतर याचिकांसारखी देता कामा नये. ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्याच ताब्यात तक्रारदार चोवीस तास राहतो. त्याचं जेवण, औषध, मुलाकात, बराक, पत्र, माफीचे दिवस, पॅरोल-फर्लोवरचा अहवाल, सगळं त्या प्रतिवादीच्या हातात असतं. एवढंच कशाला, आतून वकीलपत्रावर सही करायची तर तिच्यावर साक्षांकनाचा शिक्का कारागृहाचा. याचिका मागे घेतो असं पत्र लिहिलं तर तेही त्याच टेबलावरून बाहेर पडतं. म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे, तोच आरोप मागे घेतल्याच्या कागदावर शिक्का मारतो, आणि न्यायालय त्या शिक्क्यालाच खरेपणाचा पुरावा मानतं.

*

कोणी म्हणेल, कायदा अशी शंका कशी घेणार? कायदा कागदावर चालतो. पण शंका घेणं कायद्याला उत्तम जमतं. फक्त ती कुठे घ्यायची, हे तो निवडून ठरवतो.

१८७२ चा भारतीय पुरावा कायदा घ्या. त्याचं कलम २४ सांगत होतं, की अधिकारपदावरच्या व्यक्तीनं आमिष, धाक किंवा वचन दाखवून मिळवलेला कबुलीजबाब फौजदारी खटल्यात चालणार नाही. कलम २५ त्याच्याही पुढचं: पोलीस अधिकाऱ्यासमोर दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्धच करता येणार नाही. आता कायद्याचं नाव बदललं, क्रमांक बदलले, तत्त्व कायम आहे. इंग्रजांनाही एवढं कळत होतं, की कोठडीतला माणूस साहेबासमोर जे बोलतो ते त्याचं स्वतःचं बोलणं असेलच असं नाही.

दंडाधिकाऱ्यासमोर कबुलीजबाब द्यायचा तर आधी त्यानं आरोपीला सांगायचं असतं, की तुझ्यावर बोलण्याचं बंधन नाही आणि बोललास तर ते तुझ्याविरुद्ध वापरलं जाईल. आरोपीनं ऐन वेळी नकार दिला, तर त्या नकारापायी त्याला पुन्हा पोलीस कोठडीत पाठवायचं नाही, अशीही तरतूद आहे. २००५ च्या दुरुस्तीनं आपल्याकडे 'प्ली बार्गेनिंग' आलं, म्हणजे गुन्हा कबूल करून कमी शिक्षेची तडजोड. तिथं न्यायाधीशानं आरोपीला बंद खोलीत, समोरचा पक्ष हजर नसताना, स्वतः विचारायचं असतं: हा अर्ज तू राजीखुशीनं केलास का? अज्ञान मुलाच्या नावानं चाललेला दिवाणी दावा सोडून द्यायचा तर न्यायालयाची परवानगी लागते. कारण त्या मुलाच्या वतीनं जो सोडतो आहे तो त्याच्या हिताचंच करतो आहे, हे गृहीत धरता येत नाही. सरकारी वकिलाला खटला मागे घ्यायचा असला तरी न्यायालयाची संमती लागते.

या सगळ्या ठिकाणी कायदा थांबतो, मान वर करून विचारतो: खरंच? स्वतःहून? कोणी सांगितलं म्हणून तर नाही?

मग काकांना कोणी का विचारलं नाही? कोठडीतल्या माणसानं 'मी गुन्हा केला' म्हटलं तर त्यावर विश्वास ठेवायचा नाही आणि 'माझी काही तक्रार नाही' म्हटलं तर लगेच ठेवायचा, हा कुठला न्याय? दोन्ही वाक्यं एकाच भीतीतून येऊ शकतात. पहिल्यावर शंका घ्यायला दीडशे वर्षांची परंपरा आहे. दुसऱ्यासाठी दोन ओळींचा आदेश पुरतो.

*

या विषयावरचं सर्वात महत्त्वाचं प्रकरण मुंबईच्या एका पत्रकार बाईंचं आहे, आणि ते आज फारसं कोणाला आठवत नाही, याचं मला आश्चर्य वाटतं.

शीला बारसे यांनी मुंबईच्या कारागृहातल्या बायकांशी बोलून सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं. त्यातल्या काही जणींनी पोलीस कोठडीत मारहाण झाल्याचं सांगितलं होतं. त्या पत्राचीच याचिका झाली, आणि १९८३ साली न्यायालयानं निर्देश दिले: बायकांसाठी वेगळ्या कोठड्या, त्यांवर महिला पोलीस, अटक झालेल्याला विधी साहाय्याची माहिती. पुढे त्यांनी देशभरातल्या तुरुंगांत कोंडलेल्या सोळा वर्षांखालच्या मुलांचा प्रश्न न्यायालयात नेला. आदेश निघाले, जिल्हा न्यायाधीशांनी तुरुंगांना भेटी देऊन अहवाल पाठवावेत असं ठरलं. राज्यं अहवाल देईनात, तारखा पडत राहिल्या. शेवटी बारसेबाई वैतागल्या आणि याचिका मागे घेण्याचा अर्ज घेऊन उभ्या राहिल्या. न्यायालय आपलं काम करत नाही, मग मी इथं कशाला थांबू, असा त्यांचा सूर होता.

१९८८ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं: मागे घेता येणार नाही. ही याचिका तुमची खासगी मालमत्ता नाही. ती तुरुंगातल्या मुलांची आहे. तुम्हाला बाजूला व्हायचं तर व्हा, याचिका चालणार. बारसे यांचं नाव बाजूला झालं आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विधी साहाय्य समितीकडे ते काम गेलं.

त्या निकालातला बाईंवरचा रोख मला पटत नाही. वर्षानुवर्षं तारखा देणाऱ्यानं कंटाळलेल्याला शिकवावं, हे जरा अतीच. पण त्यातलं तत्त्व सोन्यासारखं आहे: तुरुंगाच्या भिंतीआडची वागणूक हा जेव्हा प्रश्न असतो, तेव्हा याचिकाकर्ता निघून गेला म्हणून प्रश्न निघून जात नाही.

आता हे दोन प्रसंग शेजारी ठेवून पाहा. बारसे बाहेर होत्या, मोकळ्या होत्या, शिकलेल्या होत्या, स्वतःची कारणं स्पष्ट सांगत होत्या. त्यांना न्यायालय म्हणालं, नाही. काका आत होते, आजारी होते, सातवी शिकलेले, आणि त्यांची कारणं कोणी विचारलीच नाहीत. त्यांना न्यायालय म्हणालं, हो. मागे घेण्याची मोकळीक ज्याला खरोखर होती त्याला नाकारली, आणि ज्याला ती असण्याची शक्यता सर्वात कमी त्याला विनाप्रश्न दिली.

*

"एका कैद्याच्या औषधगोळ्यांनी काय कायदा बनणार आहे?" असं एका वकील मित्रानं मला विचारलं. त्याला मी प्रभाकर पांडुरंग संझगिरी यांचं प्रकरण सांगितलं.

साठच्या दशकात भारत संरक्षण नियमांखाली संझगिरी मुंबईत स्थानबद्ध होते. आत बसून त्यांनी मराठीत एक पुस्तक लिहिलं. क्रांतीवर नाही, सरकारवर नाही. अणूच्या अंतरंगावर. ते छापण्यासाठी पत्नीकडे पाठवू द्या, एवढीच त्यांची मागणी. सरकारनं परवानगी नाकारली. त्यांनी उच्च न्यायालयात धाव घेतली, ते जिंकले. महाराष्ट्र सरकार मराठीतल्या एका विज्ञानाच्या पुस्तकाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६५ साली तिथंही हरलं. सरकारचं म्हणणं होतं, की स्थानबद्धांच्या नियमांत पुस्तक लिहून बाहेर पाठवण्याचा हक्क कुठं लिहिलेला नाही. न्यायालयानं ते उलटं वळवलं: नियमांत ज्याला मनाई नाही ते माणसाकडे राहतंच, कोंडल्यानं त्याचं सगळं स्वातंत्र्य संपत नाही.

भारतात कैद्यांच्या हक्कांची चर्चा करताना आजही हा निकाल पायाशी असतो. तो एका मराठी हस्तलिखितामुळे मिळाला. समजा, त्या काळात संझगिरींना कोणी गोडीत सांगितलं असतं, "साहेब, कशाला अडून बसता, सुटल्यावर छापा की," आणि त्यांनी कागदावर सही केली असती, तर? पुस्तक कदाचित तरीही निघालं असतं. कायदा मात्र निघाला नसता.

पुढच्या काळातही हेच दिसतं. तिहारमधून सुनील बत्रा यांनी न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांना दुसऱ्या एका कैद्याच्या छळाबद्दल पत्र लिहिलं, त्या पत्रातून १९८० चा निकाल आला. निर्दोष सुटल्यावरही चौदा वर्षं तुरुंगात ठेवलेल्या बिहारच्या रुदुल शाह यांच्या प्रकरणात १९८३ साली पहिल्यांदा मूलभूत हक्कभंगाची भरपाई रोख रकमेत देववली गेली, पस्तीस हजार रुपये. कैद्यांचा कायदा कैद्यांनीच, एकेका किरकोळ वाटणाऱ्या तक्रारीतून बनवला आहे. म्हणून दबावाखाली मागे घेतलेली प्रत्येक याचिका हा एक न बनलेला कायदा असू शकतो. आपल्याला त्याची मोजदादही नाही, कारण जे घडलंच नाही ते नोंदवहीत येत नाही.

*

आता दुसरी बाजू. मागे घेणं नेहमी भीतीपोटीच असतं असं नाही. सुधा भारद्वाज एल्गार परिषद प्रकरणात भायखळ्याला होत्या. करोनाच्या काळात प्रकृतीच्या कारणावरून तात्पुरत्या जामिनासाठी त्या सर्वोच्च न्यायालयात गेल्या. सप्टेंबर २०२० मध्ये खंडपीठानं, गुणवत्तेवर तुमची बाजू चांगली आहे, नियमित जामीन का मागत नाही, अशा अर्थाचा प्रश्न विचारला, आणि अर्ज मागे घेतला गेला. त्या बाहेर आल्या डिसेंबर २०२१ मध्ये, तेही मुंबई उच्च न्यायालयानं वेगळ्या मुद्द्यावर, मुदतीच्या तांत्रिक हक्कावर जामीन दिला तेव्हा. उमर खालिदचा अर्ज सर्वोच्च न्यायालयात महिनोन्महिने तारखांवर राहिला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये त्याच्या वकिलांनी तो मागे घेतला. परिस्थिती बदलली, एवढंच कारण दिलं. एल्गारमधलेच हनी बाबू यांनी मे २०२४ मध्ये आपला जामीन अर्ज तिथून मागे घेतला. पुढे ते मुंबई उच्च न्यायालयात आले तेव्हा, सर्वोच्च न्यायालयातून मागे घेतल्यावर इथं येता येतं का, असा प्रश्न उभा राहिला आणि त्यासाठी त्यांना पुन्हा दिल्लीची पायरी चढावी लागली. जामीन मिळाला डिसेंबर २०२५ मध्ये, अटकेनंतर पाच वर्षांहून अधिक काळानं.

हे सगळे जामिनाचे अर्ज, आणि नावाजलेल्या वकिलांनी विचारपूर्वक घेतलेले निर्णय. रागरंग पाहून नकाराचा शिक्का बसण्याआधी पाऊल मागे घेणं हा वकिलीतला शहाणपणा आहे. त्यावर मला बंदी घालायची नाही. पण देशातले उत्तमोत्तम वकील पाठीशी असलेल्या माणसाला मागे घेण्याची एवढी किंमत मोजावी लागत असेल, तर विधी सेवेच्या भरवशावर असलेल्या काकांना ती किंमत कोण समजावून सांगणार? रिट याचिका मोकळीक न मागता मागे घेतली तर त्याच विषयावर पुन्हा त्याच उच्च न्यायालयात येता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८६ साली सरगुजा ट्रान्सपोर्टच्या प्रकरणात म्हटलं. ते प्रकरण बसच्या परवान्याचं होतं. व्यक्तिस्वातंत्र्याची आणि कलम २१ ची प्रकरणं वेगळ्या पायावर उभी आहेत, असं त्याच निकालात म्हणून न्यायालयानं तो प्रश्न मोकळा ठेवला. बसच्या परवान्याचा नियम काकांच्या किडनीला लागू होतो की नाही, याचं उत्तर काकांना माहीत नव्हतं. मलाही ते शोधायला दोन रविवार लागले.

आणि काही जण तर मागे घ्यायलाही उरले नाहीत. स्टॅन स्वामी यांना कंपवात होता, पेला धरता येत नव्हता. नोव्हेंबर २०२० मध्ये त्यांनी स्ट्रॉ आणि सिपरसाठी न्यायालयात अर्ज केला. त्यावर तारीख पडली तीन आठवड्यांनंतरची. ५ जुलै २०२१ ला ते कोठडीतच, इस्पितळात गेले. त्यांनी अर्ज मागे घेतला नव्हता. ज्यांना आत राहूनही टिकून राहता येतं त्यांच्या वाट्याला हे येत असेल, तर ज्यांनी मागे घेतलं त्यांना भित्रं म्हणण्याचा अधिकार आपल्याला नाही.

*

आक्षेप मी ऐकले आहेत. एकेक घेतो.

पहिला: "याचिका त्याची, मागे घ्यायचा हक्क त्याचा. तुम्ही कैद्याला लहान मूल समजता." मुळीच नाही. त्याला मागे घ्यायची तर घेऊ द्या. फक्त आधी त्याला, त्या साहेबांच्या गैरहजेरीत, एकदा विचारा. गुन्हा कबूल करणाऱ्याला विचारल्यानं त्याचा अपमान होत नाही, मग याला विचारल्यानं कसा होईल?

दुसरा: "न्यायालयांवर आधीच ओझं आहे." आहे. पण दहा मिनिटांची विचारपूस वाचवून ज्या तक्रारी आपण गाडतो त्या मरत नाहीत. भायखळ्याच्या कारागृहात जून २०१७ मध्ये मंजुळा शेट्ये या कैदी बाईचा मारहाणीनंतर मृत्यू झाला. भांडणाचं मूळ होतं दोन अंडी आणि पाच पाव कमी पडल्याचं. तिच्यासाठी गच्चीवर चढून ओरडणाऱ्या कैदी बायकांवर दंगलीचा गुन्हा दाखल झाला. कारागृहातल्या सहा कर्मचारी बायकांवर खुनाचा गुन्हा लागला तोही ही ओरड भिंतीबाहेर गेल्यावर. अंडी आणि पाव कमी पडल्याची तक्रार ज्या जागी ऐकली जात नाही, तिथं पुढे काय होतं ते यातून दिसतं.

तिसरा, कुजबुजत्या आवाजातला: "अहो, आत आहेत म्हणजे काहीतरी केलंच असेल." २०२२ च्या सरकारी आकडेवारीनुसार भारतातल्या दर चार कैद्यांपैकी तीन कच्चे कैदी आहेत, म्हणजे ज्यांच्यावरचा आरोप अजून सिद्ध व्हायचा आहे असे. आणि उरलेला चौथा दोषी ठरला असला, तरी त्याला शिक्षा तुरुंगवासाची झाली आहे. औषध न मिळण्याची शिक्षा कोणत्याही न्यायाधीशानं त्याला सुनावलेली नाही.

चौथा आक्षेप मला खरा वाटतो: "विचारून काय होणार? तो परत त्याच बराकीत जाणार. खरं बोलेल कसा?" बरोबर आहे. व्हिडिओवर विचारलं तर कॅमेऱ्यामागे कोण उभं आहे ते पडद्यावर दिसत नाही, हे रोज व्हिडिओ मीटिंग करणाऱ्या मला कोणी सांगायला नको. म्हणून नुसतं विचारणं पुरणार नाही.

माझ्या मागण्या चार आहेत, आणि त्यातल्या एकीलाही नवा कायदा लागत नाही. एक, कारागृहाविरुद्धची याचिका मागे घेण्याचा अर्ज आला, की जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाच्या सचिवानं कैद्याला प्रत्यक्ष, एकट्याला भेटावं. सचिव न्यायिक अधिकारीच असतो आणि कारागृह भेटी हे त्याचं कामच आहे. दोन, मागे घेण्याचं कारण आदेशात लिहावं. 'मागे घेतली' हे कारण नव्हे, ती घटना आहे. तीन, अशी परवानगी देताना पुन्हा येण्याची मोकळीक, कोणी मागो न मागो, आदेशात असावीच. चार, तक्रार एकट्याची नसून बराकीतल्या सगळ्यांची असेल, तर बारसे प्रकरणातला मार्ग घ्यावा: नाव काढून टाका, न्यायमित्र नेमा, याचिका चालू ठेवा. कैद्याच्या डोक्यावरचं ओझंही उतरतं, कारण मग 'तू मागे घे' म्हणून त्याला गाठण्यात कोणाला काही फायदाच उरत नाही. दबावाचा उपयोग संपला की दबावही कमी होतो.

अमेरिकेत कैद्यानं नागरी हक्कांचा दावा केला, तर समोरच्यानं लेखी उत्तर देण्याआधी नुसती नोटीस देऊन तो मागे घेता येतो, न्यायाधीशाची परवानगीसुद्धा लागत नाही. दाव्याचं शुल्क मात्र १९९६ च्या कायद्यानुसार त्याच्या तुरुंगातल्या खात्यातून हप्त्याहप्त्यानं कापलं जातं. आपल्याकडे निदान परवानगी मागावी लागते. न्यायाधीशाला थांबून विचारायची संधी मिळते, ती त्या परवानगीतच. ती दोन ओळींत उरकू नये, एवढंच मी मागतो आहे.

*

गेल्या महिन्यात गावी गेलो तेव्हा काकांना हे सगळं सांगितलं. संझगिरींचं पुस्तक त्यांना फार आवडलं. "अणूवर लिहिलं? आतमंदी बसून?" असं दोनदा विचारलं. बारसेबाईंचंही लक्ष देऊन ऐकलं.

मग मी म्हटलं, काका, तुमच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं. तुम्ही हरला नाही, जिंकलाही नाही. तुमचं म्हणणं कोणी ऐकलंच नाही. तुम्हाला पटत असेल तर पुन्हा अर्ज करता येईल असं मला वाटतं, वकिलाला विचारू.

काका थोडा वेळ गप्प राहिले. आतून काकूनं भांड्याचा आवाज केला.

"तारीख हाय बाबू पुढच्या महिन्यात," ते म्हणाले. "ते होऊन जाऊ दे आधी."